हार्वर्डच्या दारातली रांग

मार्च महिना हा आपल्याकडे परीक्षांचा. परंतु गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथील सुस्थित घरांमध्ये या महिन्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, पदवीप्रवेशाचा निकाल प्रथेप्रमाणे 14 मार्चला जाहीर करते. अमेरिकी पद्धतीने ही तारीख 3/14 अशी लिहिली जाते आणि 'पाय' या गणिती स्थिरांकाचे तेच आरंभीचे अंक, एवढेच त्याचे कारण. महिना संपता संपता हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांच्या 'आयव्ही लीग'चे निकाल लागतात. तेथे तेव्हा सायंकाळ असते, येथे पहाट. ज्या घरातील मागची पिढी पहाटे काकडआरतीला उठत असे, त्या घरातील तिघे-चौघे आता त्याच वेळी संगणकाच्या पडद्यापुढे श्वास रोखून बसतात. बहुतेक घरांत त्यानंतर कोणी फारसे बोलत नाही.

हे मौन अनाठायी आहे, असे म्हणायला आकड्यांचाच आधार आहे. 2024 साली हार्वर्डच्या पदवी महाविद्यालयाकडे 54,008 अर्ज आले आणि 1,970 विद्यार्थी निवडले गेले. म्हणजे शंभरांत चारही नव्हेत. 2025 साली अर्ज घटून 47,893 वर आले, निवड 2,003 जणांची झाली. हे सरासरीचे प्रमाण झाले. परदेशी अर्जदाराच्या वाट्याला ही सरासरीसुद्धा येत नाही. एमआयटीत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण प्रवेश घेणाऱ्या वर्गाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवले जाते आणि त्या मोजक्या जागांसाठी साऱ्या जगातून हजारो अर्ज येतात. परिणामी परदेशी अर्जदारांतून निवडले जाण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आगेमागे राहते. त्या दोन टक्क्यांत चीन, कोरिया, ब्राझील, नायजेरिया, रुमानिया आणि आपला भारत असे सारेच आले. आपल्या वर्गात, शाळेत, कदाचित शहरात पहिला येणारा मुलगा या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या पुढेमागे जो तो आपापल्या शहरात पहिलाच आलेला असतो.

आपल्याकडील पालकांची समजूत मात्र आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेवरून घडलेली आहे. तेथेही स्पर्धा भीषणच आहे. 2025 साली जेईई मेन्सला सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसले आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या अठरा हजारांच्या थोड्या वर. पण तेथे एक गुण कमी पडला तर तो कोठे गेला, हे सांगता येते. प्रश्नपत्रिका एक, उत्तरसूची जाहीर, गुणवत्ता यादी सर्वांसमोर. या पद्धतीचे दोष सांगायला स्वतंत्र लेख लागेल. कोटाच्या शिकवणीवर्गांनी किती बालपणे गिळली हे काही लपून राहिलेले नाही. तरीही चपराश्याच्या मुलाने आणि सचिवाच्या मुलाने एकच प्रश्न सोडवायचा, ही त्यातील किमान समता कोणी नाकारू शकत नाही. अमेरिकी श्रेष्ठ विद्यापीठांचे प्रवेश या तत्त्वावर चालतच नाहीत. तेथे गुण ही पहिली पायरी. करोनाच्या काळात बहुतेकांनी सॅट परीक्षेची सक्ती काढून टाकली होती. एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनी 2024 मध्ये ती पुन्हा आणण्याचे ठरविले. मात्र उत्तम गुण मिळाले म्हणजे अर्ज वाचला जातो, इतकेच. निवड होते ती निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उपक्रम आणि 'व्यक्तिमत्त्व' यांवर. यालाच तेथे समग्र मूल्यमापन म्हणतात.

ऐकायला हा शब्द मोठा उदात्त वाटतो. विद्यार्थी म्हणजे केवळ गुणपत्रिका नव्हे, हे आपल्या गुरुकुल परंपरेलाही मान्य असलेले तत्त्व. परंतु हार्वर्डमध्ये हे तत्त्व कोणत्या मुहूर्तावर रुजले, तो इतिहास पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर होत असे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले त्या परीक्षेत सरसकट वर येऊ लागली. त्यांचे प्रमाण वर्गाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे गेले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल अस्वस्थ झाले. 1922 साली त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर 15 टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादेवर गदारोळ झाला, म्हणून आडमार्ग शोधण्यात आला. प्रवेशअर्जात वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे काय, असे विचारले जाऊ लागले; 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', देशाच्या सर्व भागांना प्रतिनिधित्व अशा कसोट्या आल्या. 1925 च्या सुमारास चौथ्या हिश्श्यापलीकडे गेलेले ज्यूंचे प्रमाण पुढील काही वर्षांत पंधरा टक्क्यांच्या आत आले. एकाही ज्यू मुलाला 'तू ज्यू आहेस म्हणून नाही' असे सांगावे लागले नाही. तुझे व्यक्तिमत्त्व पुरेसे नाही, एवढेच सांगून भागले. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या 'द चोझन' या ग्रंथात ही सारी कहाणी विद्यापीठांच्याच दप्तरातील कागदांवरून मांडली आहे. त्याच दशकात, 1923 साली, भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वास अपात्र ठरविले होते, याचीही येथे आठवण ठेवलेली बरी.

ज्यूंच्या जागी पुढे आशियाई मुले आली. 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' या संस्थेने हार्वर्डवर भरलेला दावा 2018 मध्ये सुनावणीस आला, तेव्हा आजवर बंद असलेले कपाट उघडले. अभ्यासात आणि उपक्रमांत आशियाई वंशाचे अर्जदार इतरांहून सरस असूनही प्रवेश कार्यालयाने दिलेल्या 'व्यक्तिमत्त्वा'च्या गुणांकनात सरासरीने खाली ठेवले गेल्याचे आकडे न्यायालयापुढे आले. कनिष्ठ न्यायालयाने हार्वर्डची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 29 जून 2023 रोजी तो निर्णय फिरवून वंशाधारित प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरविली. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या वर्गात आशियाई अमेरिकी विद्यार्थ्यांचे प्रमाण 40 वरून 47 टक्क्यांवर गेले. अर्थात, हा निकाल अमेरिकी नागरिकांचा. भारतातून अर्ज करणाऱ्याचे पान वेगळ्या गठ्ठ्यात वाचले जाते आणि तेथे त्याची तुलना प्रामुख्याने होते ती दुसऱ्या भारतीयाशीच.

याच खटल्यातून आणखी एक गोष्ट उजेडात आली, तिची चर्चा मात्र बेताचीच झाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना हार्वर्डमध्ये प्रवेश मिळण्याचे प्रमाण तेहेतीस टक्क्यांच्या घरात होते. इतरांचे सहा टक्क्यांच्या आसपास. निवडल्या गेलेल्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांपैकी 43 टक्के हे खेळाडू म्हणून हेरलेले, माजी विद्यार्थ्यांचे वा प्राध्यापकांचे पुत्र-कन्या, किंवा ज्यांच्या कुटुंबाकडून देणगीची आशा आहे अशा खास यादीतले होते. आपल्याकडील आरक्षणावर उठताबसता नाके मुरडणाऱ्या आणि अमेरिकेतील 'शुद्ध गुणवत्ते'चे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. ज्यांना एवढाही मार्ग पुरला नाही, त्यांच्यासाठी रिक सिंगर नावाच्या दलालाने बाजूचे दार उघडून दिले होते. वॉटर पोलो कधी न खेळलेल्या मुलांची खेळाडू म्हणून बनावट छायाचित्रे तयार करून, प्रशिक्षकांना लाच देऊन प्रवेश विकणारे हे प्रकरण मार्च 2019 मध्ये फुटले आणि जानेवारी 2023 मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांचा कारावास झाला.

मुद्दा अमेरिकेची निंदानालस्ती करण्याचा नाही. खाजगी विद्यापीठ आपल्या गरजेनुसार वर्ग रचते. त्याला वाद्यवृंदासाठी बासरीवादक हवा असतो, संघासाठी धावपटू हवा असतो, वर्गात पन्नास-साठ देशांचे झेंडे हवे असतात आणि खजिन्यात देणगी हवी असते. ज्याचे घर, त्याची पंगत. प्रश्न आहे तो त्या पंगतीत पान मिळाले नाही म्हणून आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला नापास समजणाऱ्या आपल्या घरांचा.

पैशाचा विचारही येथेच करायला हवा, कारण संधीचे गणित त्यावर फार अवलंबून आहे. हार्वर्डचा राहण्याजेवण्यासह वर्षाचा खर्च 2025-26 साली 87 हजार डॉलरच्या जवळ होता. म्हणजे वर्षाला पाऊण कोटी रुपये आणि चार वर्षांचे तीन कोटी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि अलीकडे डार्टमथ, बोडन, ब्राऊन अशी मोजकीच विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि निवडल्यावर जेवढे कमी पडेल तेवढे स्वतः भरतात. त्यामुळे सातारच्या शिक्षकाचा मुलगा हार्वर्डमध्ये निवडला गेला, तर त्याचे शिक्षण जवळजवळ विनामूल्य होऊ शकते, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. बाकीच्या बहुतेक नामांकित विद्यापीठांत परदेशी अर्जदाराने आर्थिक साहाय्याच्या चौकटीत खूण केली की त्याची शक्यता तेथेच घटते. विद्यार्थी तोच, निबंध तोच. पण पूर्ण शुल्क भरणाऱ्याचे पारडे जड. 'लवकर निर्णय' नावाच्या पद्धतीत नोव्हेंबरमध्ये एकाच विद्यापीठाला बांधील राहून अर्ज करणाऱ्यांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण अधिक असते. तेथेही किती मदत मिळेल याची तुलना करायची मुभा नसलेले, म्हणजे पैशाची चिंता नसलेले, कुटुंबच पुढे राहते.

या व्यवस्थेने आपल्या मध्यमवर्गात एक नवा धंदा उभा केला आहे. आठवीपासून मुलाला 'घडविणारे' सल्लागार लाखांच्या हिशेबात शुल्क आकारतात. निबंध कोणी लिहायचा, कोणती ऑलिम्पियाड द्यायची, उन्हाळ्याच्या सुटीत कोणत्या परदेशी विद्यापीठाचा सशुल्क वर्ग करायचा, कोणत्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत नाव लावून 'शोधनिबंध' छापून आणायचा, याचे वेळापत्रक हे सल्लागार आखतात. यातील ऑलिम्पियाडचा मार्ग त्यातल्या त्यात खरा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवडले गेलेले आणि आंतरराष्ट्रीय पदक आणणारे मूल कोणत्याही सल्लागाराविना जगाला ओळखू येते, आणि त्याची विद्या हार्वर्ड मिळो न मिळो त्याच्यापाशीच राहते. बाकीचे बरेचसे सजावटीचे काम असते.

त्यात सर्वांत खटकणारा प्रकार सेवेचा आहे. अर्जात समाजकार्य दिसले पाहिजे, नेतृत्व दिसले पाहिजे, म्हणून सोळाव्या वर्षी 'संस्था' स्थापन होते. संकेतस्थळ बनते, बोधचिन्ह बनते. रविवारी मोटारीतून सेवावस्तीत जाऊन मुलांना वह्या वाटल्या जातात, चार छायाचित्रे काढली जातात आणि 'दोनशे बालकांच्या जीवनात परिवर्तन' असे वाक्य निबंधात जाते. निकाल लागला की संस्था मिटते. त्या वस्तीतील मुले पुढच्या रविवारी वाट पाहतात काय, हे विचारायला कोणी जात नाही. ज्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे एकाच वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालविणारे कार्यकर्ते आहेत, ज्यांचे छायाचित्र त्यांच्या घरच्यांनीही कधी वर्तमानपत्रात पाहिलेले नाही, तेथे सेवा ही प्रवेशअर्जाची एक ओळ व्हावी, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. यात त्या मुलांचा दोष थोडा. सेवा ही दाखवायची वस्तू आहे, हे त्यांना मोठ्यांनीच शिकविले. आणि दुर्दैव असे की अशी दहा हजार छायाचित्रे पाहून सरावलेल्या तेथील परीक्षकाला ती नेमकी ओळखू येतात.

विद्येसाठी समुद्रापार जाणे हे आपल्याला नवे नाही आणि निषिद्ध तर नाहीच. 1882 मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट एमआयटीत दाखल झाले. त्या संस्थेतील पहिले भारतीय विद्यार्थी ते. त्याच दशकात टिळक-आगरकरांच्या पुण्यातील 'मराठा' पत्राने भारतात अशीच तंत्रविद्येची संस्था उभी राहावी, असा आग्रह धरला होता. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात गेल्या. त्यांचे पत्रही एका अर्थी प्रवेशाचा निबंधच होता. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करीत नसू, याची कबुली त्यांनी त्यात सरळ दिली होती आणि आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतू सांगितला होता. त्या पत्रात सजावट नव्हती. 1886 मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. हेतू खोटा नव्हता हे सिद्ध करायला त्यांना आयुष्यच पुरले नाही. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या शिष्यवृत्तीला परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले आणि शिकता शिकता गदर चळवळीत उतरले. यांच्यापैकी कोणाच्याही मनात विद्यापीठ हे मुक्कामाचे ठिकाण नव्हते.

आज जाणाऱ्यांचे चित्र निराळे आहे. 2023-24 या वर्षात अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर गेला, अशी बातमी आपल्या वृत्तपत्रांनी अभिमानाने छापली. त्यातील पदवीचे विद्यार्थी अवघे 36 हजार होते. जवळपास दोन लाख पदव्युत्तर आणि सुमारे 97 हजार शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या नावाखाली नोकरी करणारे. हार्वर्डमध्ये सर्व शाखा मिळून 2025 साली भारतीय होते 788. म्हणजे हार्वर्डचे नाव घेऊन जी लाट उसळते, ती प्रत्यक्षात जाऊन आदळते कोठेतरी मध्य-पश्चिमेतील, फारशा कोणी न ऐकलेल्या विद्यापीठाच्या एम.एस.च्या वर्गात, घर गहाण टाकून, चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढून. पीएच.डी.चा मार्ग याहून सन्मानाचा आहे, कारण तेथे निवड विभागातील प्राध्यापक करतात, विद्यार्थ्याचे काम पाहून करतात आणि विद्यावेतन देतात. मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई येथील संशोधनसंस्थांतून निघालेल्या मुलांना तेथे बऱ्यापैकी संधी असते. पण तिला वेळ लागतो, आणि आपल्या घरांना घाई असते.

ही घाई किती महाग पडू शकते, ते 2025 ने दाखविले. 22 मे रोजी अमेरिकी प्रशासनाने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेतला. न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोवर सुमारे 6,800 परदेशी विद्यार्थ्यांची झोप उडाली होती. मेअखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबविल्या गेल्या. 19 सप्टेंबरच्या घोषणेने नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. तेथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा यायला ऑक्टोबर उजाडला. त्याच ऑक्टोबरच्या आरंभी नऊ विद्यापीठांपुढे एक करारनामा ठेवला गेला, त्यात पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थी 15 टक्क्यांहून अधिक नसावेत आणि एका देशाचे 5 टक्क्यांहून अधिक नसावेत, असे कलम होते. एमआयटीने तो नाकारला. परंतु लॉवेलच्या काळातील मर्यादेचा विचार शंभर वर्षांनी पुन्हा कागदावर उतरला, आणि या वेळी नाव व्यक्तिमत्त्वाचे नव्हते, पारपत्राचे होते. आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे, हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. राष्ट्रवादी विचाराच्या माणसाने तरी त्यावर आक्षेप घेऊ नये. कर्जाचे हप्ते फेडताना मात्र परराष्ट्राच्या त्या अधिकाराचा हिशेब आधी मांडलेला असावा.

तेथील विद्यापीठांचे वातावरण हाही एक मुद्दा आहे. सप्टेंबर 2021 मध्ये अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या विभागांचे नाव लावून 'जागतिक हिंदुत्वाचे उच्चाटन' करण्याची परिषद भरविली गेली. जानेवारी 2022 मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जातीचा स्वतंत्र उल्लेख आपल्या भेदभावविरोधी नियमांत घातला, तेव्हा तेथील अनेक हिंदू प्राध्यापकांनी एकाच समाजाकडे बोट दाखविले जात असल्याची तक्रार केली. मुलगा तेथे जाणार असेल तर आपल्या परंपरेविषयी चार धड गोष्टी त्याला ठाऊक असाव्यात; सॅटच्या शिकवणीत त्या येत नाहीत.

राहिला आपला स्वतःचा पैसा. 2010 साली टाटा उद्योगसमूहाने हार्वर्ड बिझनेस स्कूलला 5 कोटी डॉलर दिले. तेथे 'टाटा हॉल' उभा आहे. त्याच वर्षी आनंद महिंद्र यांनी हार्वर्डच्या मानव्यविद्या केंद्राला 1 कोटी डॉलर दिले. हार्वर्डची गंगाजळी तेव्हाही अब्जावधींची होती, आज ती 50 अब्ज डॉलरच्या पुढे आहे. दात्याने कोठे द्यावे हा त्याचा प्रश्न. त्याआधी 2008 मध्ये मात्र टाटा न्यासाने कॉर्नेल विद्यापीठाला जे 5 कोटी डॉलर दिले, त्यातील निम्मे भारतातून येणाऱ्या गरजू पदवी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवायला लावले. इकडे महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना वर्षाला मिळते, तिचा अर्ज कसा भरायचा हे लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून सांगणारा कोणी भेटत नाही, आणि त्याच महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. अमेरिकी विद्यापीठांचे अर्ज 1 जानेवारीच्या आसपास बंद होतात. ज्या शहरांत सल्लागार नाहीत, तेथील एखाद्या गुणी मुलामुलीला कोणते विद्यापीठ ऐपत न पाहता घेते आणि कोणते पाहून नाकारते, हे गणेशोत्सवापूर्वी कोणीतरी जाऊन सांगायला हवे. जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यासाठी एक संध्याकाळ पुरेल.